युद्ध आणि महागाईत कामगारांचे हक्क वाढतात की मारले जातात?

अमळनेरकर_तापीकाठ

राम राम मंडळी. भाचीचा एमएचा सेमिनार आहे, तिला मदत करता करता मीच अडकलोय. अमेरिकेत 1941 मधे ए. फिलिप रँडॉल्फ नावाच्या काळ्या कामगार पुढाऱ्याने सरकारला सांगितलं की दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचं सामान बनवणाऱ्या कारखान्यांत आमच्या लोकांना काम मिळत नसेल तर आम्ही वॉशिंग्टनवर मोर्चा आणतो. 1 जुलैची तारीख ठरली होती आणि 25 जूनलाच राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने ऑर्डर काढली की या कारखान्यांत आणि सरकारी नोकरीत वंशावरून भेदभाव करायचा नाही. मोर्चा निघालाच नाही, नुसत्या तयारीवर काम झालं. पण त्याच लढाईत आपल्याकडे भारत संरक्षण नियमांखाली कामगार पुढारी आत टाकले, सानेगुरुजींना 1940 मधे युद्धाविरुद्ध बोलले म्हणून तुरुंगात घातलं. आमचे आजोबा गिरणीत होते, ते सांगायचे लढाईत पाळ्या फुल चालायच्या, काम भरपूर, पण ज्वारी घ्यायला गेलं तर पगार पुरायचा नाही. मग युद्ध कामगाराच्या फायद्याचं की तोट्याचं, नेमकं काय समजायचं?

भुसावळ_लोको_रिटायर्ड

भाऊ, दोन्ही एकाच वेळी होतं. लढाईत मालकाला आणि सरकारला माणूस लागतो म्हणून कामगाराची किंमत वाढते, आणि त्याच लढाईच्या नावाखाली संप मोडायचे कायदेही हातात येतात. महागाई भत्ता ज्याला आज आपण डीए म्हणतो तो असाच रुजला, मार्च 1940 मधे मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप त्याच मागणीवर झाला. आणि मग 1942 ला त्याच भारत संरक्षण नियमांत नियम 81-अ आला, सरकारला वाटलं तर संपावर बंदी घालायची आणि तंटा लवादाकडे द्यायचा. लढाई संपली तरी ती पद्धत गेली नाही, 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात तिचा मोठा भाग शिरला.

मी स्वतः पाहिलेलं सांगतो, 1974 चा रेल्वे संप. तो एकाएकी आला नव्हता. 1971 चं बांगलादेश युद्ध, त्याआधी आलेले लाखो निर्वासित, तेव्हा पोस्टाच्या पाकिटावर 5 पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं निर्वासितांसाठी, जुन्या लोकांना आठवत असेल. मग 1972 चा दुष्काळ, 1973 ला तेलाचे भाव भडकले, आणि पगार तिथेच. 8 मेला संप सुरू झाला, जॉर्ज फर्नांडिस पुढारी, देशभर 17 लाखांच्या आसपास माणसं. मागण्या काय तर बोनस, गरजेवर आधारित पगार, रनिंग स्टाफला म्हणजे गाडीवरच्या ड्रायव्हर-गार्ड लोकांना आठ तासांची ड्युटी. लोको ड्रायव्हर किती तास इंजिनवर उभा राहायचा ते भुसावळच्या घराघरात माहीत होतं.

आता तुमच्या प्रश्नाचा मुद्दा इथे आहे बघा. डिसेंबर 1971 ला युद्धासाठी जी आणीबाणी जाहीर झाली ती युद्ध संपल्यावरही उठवलीच नव्हती, 1977 पर्यंत चालू होती. म्हणून 1974 च्या संपात मिसा, म्हणजे खटल्याशिवाय आत टाकायचा कायदा, तर लावलाच पण पाकिस्तानशी लढताना केलेला संरक्षण कायदासुद्धा आपल्याच फायरमन-फिटरवर वापरता आला. हजारो लोक आत, कित्येकांची नोकरी गेली, क्वार्टर खाली करायला लावले, बायकापोरं उघड्यावर. 27 मेला संप मागे घेतला. काढलेले लोक परत आले ते 1977 ला सरकार बदललं तेव्हा, मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा. म्हणून मी म्हणतो लढाईत काय मिळालं ते बघा, पण लढाई संपल्यावर कोणता कायदा मागे राहिला ते आधी बघा.

जळगाव_कापूसबाजार

दादांचं पटतं पण एक गोष्ट सुटतेय, मिळालं ते कोणाला मिळालं. आपल्या खान्देशापासूनच सुरू करा. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आपला खान्देश-वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या भावाने उचलला गेला. त्याच सुमारास रेल्वे आली, जळगावची पेठ मोठी झाली ती याच काळात. 1865 ला लढाई संपली की भाव कोसळले आणि ज्याने तेजीत कर्ज काढलं होतं तो सावकाराच्या दारात. तिकडे मँचेस्टरचे कामगार कापसाविना उपाशी होते, तरी 31 डिसेंबर 1862 ला सभा घेऊन त्यांनी गुलामगिरी संपवा म्हणून लिंकनला पत्र पाठवलं, आणि लिंकनने जानेवारीत त्यांना उत्तर दिलं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, पोटात अन्न नाही आणि दुसऱ्या खंडातल्या माणसाच्या सुटकेसाठी उभं राहायचं.

पण सुटका झालेल्या त्या माणसांना जमीन मिळाली नाही, बटाईने त्याच मालकांच्या शेतात राबले. 1930 नंतरच्या मंदीत अमेरिकेत युनियनचा कायदा झाला, 1935 चा, त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले, आणि दक्षिणेत काळी माणसं मुख्यतः याच दोन कामांत होती. आपल्याकडे वेगळं नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे दलितांना घेत नसत, कारण धोट्यातून सूत तोंडाने ओढावं लागे आणि बाकीच्यांना विटाळ व्हायचा. बाबासाहेबांनी फेब्रुवारी 1938 मधे मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेत हे स्पष्ट मांडलं. गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारा मजूर, म्हणून लागलेला जन्मभर गँगमन, पोर्टर सुद्धा होऊ देत नाहीत कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातलं काम पडतं. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असं ते तिथेच बोलले. त्या परिषदेची आठवण भुसावळ-मनमाड लाइनवरच्या प्रत्येक युनियन ऑफिसात असायला हवी असं माझं स्पष्ट मत.

शहादा_सातपुडा

शेतमजूर वगळले म्हणता ना, मग आमच्याकडचं ऐका, हाई आपलीच गोष्ट शे. शहादा-तळोद्यात सालदार म्हणजे वर्षभरासाठी बांधलेला भिल्ल माणूस, उचल घेतली की फिटेपर्यंत सुटका नाही, आणि जमिनी आधीच हातातून गेलेल्या. युनियन, डीए, बोनस हे शब्द त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते. मग दुष्काळ पडला. अंबरसिंग महाराजांच्या मागे लोक उभे राहिले, 1972 मधे श्रमिक संघटना झाली, गेलेल्या जमिनी परत मागितल्या, सालदाराची मजुरी मागितली. बायका सभेत बोलायला लागल्या आणि नुसत्या बोलल्या नाहीत, गावागावात जाऊन दारूचे मटके फोडले, कारण मजुरी वाढली तरी ती गुत्त्यावर जाणार असेल तर घरात काय येणार.

रोजगार हमीकडे पण बघा. दुष्काळी कामांवर 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ 50 लाख माणसं खडी फोडत होती, माती वाहत होती, त्यात बायका खूप. मागेल त्याला काम हा कायदा 1977 ला झाला. दुष्काळ तर त्याआधीही शंभर वेळा पडले होते, कायदा नव्हता झाला. या वेळी लोक मोर्चे काढत होते, मजुरीचा हिशोब मागत होते, तो फरक.

अमळनेरकर_तापीकाठ

सगळ्यांचे आभार. म्हणजे भाचीला सांगतो की रँडॉल्फचंही तेच धर, तो 1925 पासून स्लीपर डब्यांतल्या पोर्टरांची युनियन बांधत होता, कंपनीशी करार व्हायला 1937 उजाडलं, म्हणून 1941 ला त्याच्या शब्दाला वजन होतं. आणि सैन्यातला भेदभाव मोडायची ऑर्डर तरी 1948 लाच आली. अजून एक, 1936 च्या डिसेंबरात फैजपूर काँग्रेसच्या वेळी मनमाडहून शेतकरी पायी चालत फैजपूरला आले होते, मंदीने पार पिचलेले. त्या मोर्चाबद्दल रावेर-यावलकडे कोणाच्या घरी काही ऐकलेलं असेल तर नक्की लिहा, भाचीला तिथे घेऊन जायचा विचार आहे.

शहादा_सातपुडा

फैजपूरला जाल तर तसंच पुढे शहाद्याला पण या. त्या काळातल्या काही म्हाताऱ्या बाया अजून आहेत, भिलोरीत बोलतील, मी सोबत बसून सांगत जाईन. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी त्यांना विचारा फक्त, आणि सोमवारी येऊ नका, बाजार असतो.