मदत हवी आहे: होडीवर आणि किनाऱ्यावर दोन्हीकडे चालतील असे बूट

सागरिका_२: शनिवारी निघायचंय, लवकर सांगा. डेकवर घसरणार नाहीत आणि उतरल्यावर फिरतानाही चांगले दिसतील असे बूट हवेत. एकच जोड घेणार. चामड्याचे घेऊ की जाळीचे?

उधाण: होडी कोणती? छोट्या डिंगीत पाय सतत पाण्यात असतात, तिथे चामडं नको.

सागरिका_२: शिडाची, केबिनवाली, ३२ फुटी. चार दिवस.

वारा_भरला: मग चामड्याचेच. डेकवरचे बूट बनवणाऱ्या पॉल स्पेरींनी कुत्र्याला बर्फावर न घसरता पळताना पाहिलं, त्याच्या पंजावरच्या भेगा पाहिल्या आणि रबरी सोलवर सुरीने तशाच नागमोडी चिरा पाडल्या. १९३५ पासून हे बूट आहेत. माझा जोड नववं वर्ष चाललाय.

उधाण: खाऱ्या पाण्यात भिजलेलं चामडं लवकर वाळत नाही आणि वाळलं की कडक होतं. चार दिवस ओले बूट घालायचे का? जाळीचेच घ्या.

वारा_भरला: गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, मऊ राहतात. तुम्ही उन्हात ठेवले असणार.

उधाण: सावलीतच ठेवले होते. टाकीतलं मोजकं गोडं पाणी बुटांवर कोण ओतणार?

भरती: निघायच्या आधी हलकं जेवा, आलं चघळा, नजर क्षितिजावर ठेवा. मळमळ कमी होते.

नांगर: भरती, ते कुणी विचारलेलं नाही. मला एकच जोड हेच पटत नाही. रस्त्यावरची वाळू सोलच्या चिरांत अडकते आणि डेक खरवडते. मी जुन्या टूथब्रशने चिरा साफ करते, तरी एखादा खडा राहतोच. सागरिका, आत्तापर्यंत काय घालत होतात?

सागरिका_२: धावायचे, काळ्या सोलचे. मागच्या वेळी शीड उतरवताना ओल्या डेकवर सरकले, गुडघा फुटला. डेकवर काळे फराटे उठले ते वेगळंच, पुसण्यात संध्याकाळ गेली. होडीमालकांनी या वेळी बजावलंय.

नांगर: हे आधी सांगायचं ना! डाग न पाडणारा सोल ही पहिली अट. पांढऱ्या कागदावर सोल जोरात घासून बघा. बोटं झाकलेली हवीत, दोर बांधायच्या खुंट्यांवर फार जोरात आपटतात. किनाऱ्यासाठी पिशवीत साधी चप्पल टाका.

उधाण: +१, चपलेला.

सागरिका_२: चप्पल मावेल. आत्ताच जाळीचे घालून पाहिले, कागदावर डाग नाही. पण टाच उचलली जातेय. अर्धा नंबर कमी घेऊ?

वारा_भरला: मोजे घालून पाहिलेत की अनवाणी?