'कोरो'ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा:
जुन्या जपानी धूपदाण्या जमवतेय, फक्त मातीच्या आणि पोर्सेलीनच्या. विक्रेते सरसकट 'कोरो' म्हणून मोकळे होतात. झाकण असो-नसो, वस्तू मुठीएवढी असो की फूटभर उंच, नाव एकच. संग्रहाची यादी मराठीत करायची आहे. सगळ्यांपुढे 'धूपदाणी' लिहिलं तर चालेल का? घरचे 'तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं' म्हणून चिडवतात, त्यांच्यासाठीही काही शास्त्राधार असेल तर द्या.

प्रतिसाद:
शास्त्राधार आहे. 'को' म्हणजे सुगंध, 'रो' म्हणजे शेगडी. समासात 'को'चा 'गो' होतो: टांगायचं ते त्सुरिगोरो, लांब दांड्याचं बौद्ध पूजेतलं ते एगोरो. त्यामुळे नुसतं 'कोरो' शोधलंत तर अर्ध्या वस्तू हाती लागणार नाहीत.

'धूपदाणी' हे मोठं छत्र म्हणून ठीक. 'धुपाटणं' मात्र नको. धुपाटण्यात धगधगत्या निखाऱ्यावर धूप टाकतात, धूर घरभर फिरावा हाच हेतू. जपानी सुगंधविधीत, म्हणजे कोदोमध्ये, वापरतात ते किकिगोरो बरोबर उलटं चालतं. वाडग्यात बारीक राख, राखेत पुरलेला पेटता कोळसा, वर राखेचा निमुळता ढीग, त्याला हवेसाठी एक भोक, त्यावर अभ्रकाची पातळ चकती आणि चकतीवर अगरूच्या लाकडाची इवलीशी कपची. लाकूड जळू द्यायचं नाही, फक्त तापवायचं. धूर आला तर कोळसा फार वर आला असं समजा. वाडगं हातात घेऊन वास घेतात, म्हणून किकिगोरोला झाकण नसतं. 'झाकण हरवलेलं कोरो' अशी जाहिरात दिसली तर आधी आकार बघा. पेल्यासारखं सरळ, तीन बुटके पाय, काठावर झाकण बसायला खाच नाही, तर काहीच हरवलेलं नाही. त्यावर नवं झाकण चढवून 'पूर्ण संच' म्हणून विकलं असेल तर पैसे जपा.

प्रतिसाद:
'किकि' म्हणजे ऐकणं ना? जपानी लोक सुगंध 'ऐकतात', किती सुंदर!

प्रतिसाद:
सुंदर आहेच, पण फार हळवं व्हायला नको. ते अक्षर चिनी आहे आणि चिनीत त्याचा अर्थ 'ऐकणं'ही होतो आणि 'वास घेणं'ही. यादीत 'हुंगायची धूपदाणी' लिहा, काव्य कमी होईल पण अर्थ चुकणार नाही.

भोकं पाडलेल्या झाकणाला 'होया' म्हणतात. ते मातीचं असतं, कधी चांदीचं वा तांब्याचं. १७व्या शतकातल्या क्योतोच्या निन्सेई या कुंभाराचं तितर-कुळातल्या पक्ष्याच्या आकाराचं कोरो कानाझावाच्या इशिकावा प्रांतीय कलासंग्रहालयात आहे, राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेलं. त्यात पक्ष्याचा वरचा अर्धा भाग हेच झाकण, धूर पाठीवरच्या भोकांतून निघतो. 'झाकण' म्हटल्यावर आपण टोपणच डोळ्यांपुढे आणतो, म्हणून सांगितलं.

विचारणा:
छोट्या झाकणाच्या डब्या? त्याही कोरो म्हणूनच विकतात.

प्रतिसाद:
झाकणाला भोक नसेल आणि आत राखेची खूण नसेल तर बहुधा ते कोगो, म्हणजे सुगंधद्रव्य ठेवायची डबी. मराठीत याला 'करंडा' इतका चपखल शब्द असताना दुसरा शोधू नका. चहाविधीत हिवाळी हंगामात मळलेल्या धुपाच्या गोळ्या मातीच्या कोगोत ठेवतात, उन्हाळी हंगामात चंदनाच्या कपच्या लाकडी किंवा लाखेच्या कोगोत. तुमच्या मातीच्या डब्या त्यामुळे बहुतेक हिवाळ्यातल्या.

आणखी दोन शब्द खिशाला जपणारे आहेत. कर्त्यानेच स्वतःच्या सहीनिशी दिलेली लाकडी पेटी ती तोमोबाको. मागाहून कुणी मापाने जुळवलेली ती आवासेबाको. यादीत 'मूळ पेटी' आणि 'जुळवलेली पेटी' असे वेगळे रकाने करा, भावात बराच फरक पडतो.

प्रतिसाद:
दक्षिण जपानातल्या सात्सुमा प्रांताच्या सोनेरी नक्षीच्या कोरोंबद्दल कुणीच बोललं नाही. १८६७च्या पॅरिस प्रदर्शनानंतर युरोप-अमेरिकेत त्यांची हौस वाढली आणि क्योतो, ओसाकातही त्या थाटाचा माल निर्यातीसाठी बनू लागला. त्यातल्या कित्येकांनी राख कधी पाहिलीच नाही, थेट दिवाणखान्यात जाऊन बसली. मी त्यांना 'शोभेचं कोरो' म्हणतो. बुडाशी वर्तुळातला क्रूस दिसला, म्हणजे सात्सुमावर राज्य करणाऱ्या शिमाझु घराण्याचं चिन्ह, तर हुरळू नका. ते बाजारी मालावरही सर्रास रंगवलेलं असतं.

जाहिरातीतल्या 'विंटेज' शब्दाचंही तसंच, त्यावर हुरळू नका. आपल्या १९७२च्या कायद्यात पुरावस्तू व्हायला साधारणपणे १०० वर्षं लागतात. 'ऑक्युपाइड जपान' असा शिक्का असलेली वस्तू अमेरिकी ताब्याच्या काळातली, तो काळ १९५२ला संपला. तिला सरळ 'जुनी' म्हणा.

विचारणा:
शेवटचं. एका सेलेडॉन, म्हणजे हिरवट झिलईच्या, कोरोला तीन पाय आहेत, पण ते टेबलाला टेकतच नाहीत. पाय झिजलेत का?

प्रतिसाद:
नाही. मधलं गोल बूड पायांपेक्षा खाली उतरतं, वजन त्यावर असतं आणि पाय अधांतरी राहतात. नागोयाच्या तोकुगावा कलासंग्रहालयातलं 'चिदोरी' याच घडणीचं. ते जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे होतं आणि इशिकावा गोएमोन चोर शिरला तेव्हा झाकणावरचा पक्षी ओरडला, अशी दंतकथा आहे. या आकाराला 'हाकामागोशी' म्हणतात, हाकामा, म्हणजे घोळदार जपानी वस्त्र, नेसल्यावर दिसणाऱ्या कमरेवरून. यादीत 'अधांतरी पायांची धूपदाणी' लिहा, आणि 'पाय झिजलेले' हा शेरा खोडा.