पत्र्याची खोली दुपारी भट्टी होते, वर काय टाकू? मदत हवी आहे

मांजराकाठ: आई दोन महिन्यांपासून अंथरुणाला खिळून आहे, तिला पत्र्याच्या खोलीतच ठेवावं लागतं. अकरानंतर आत थांबवत नाही. पलंगाच्या दांडीला हात लागला की चटका बसतो. काय टाकू? लवकर सांगा.

तेरणा: पत्रा लोखंडी का सिमेंटचा? उंची किती? खिडकी?

बालाघाट: कूलर घ्या. आपल्याकडची हवा कोरडी, मस्त चालतो.

मांजराकाठ: कूलर आहे, पण दुपारी लाइट नसते. पत्र्याचं विचारलंय मी.

जुना वाडा: पत्रा काढा, माळवद घाला, म्हणजे लाकडांवर जाड मातीचं सपाट छप्पर. आजोबांच्या घरी वैशाखातही गार असायचं. जाड माती सावकाश तापते, ऊन आत पोचेस्तोवर संध्याकाळ होते.

तेरणा: दादा, किल्लारीचा भूकंप विसरलात का? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे त्याच माळवदांचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. इथं तर बाईंना उठताही येत नाही.

जुना वाडा: दोष नुसत्या मातीत रचलेल्या दगडी भिंतींचा होता. चांगल्या लाकडी खांब-तुळयांच्या खणांवरची काही घरं उभी राहिली.

तेरणा: आणि यांच्या भिंती कशाच्या आहेत, विचारलंत?

शेतकरी ४२: उसाचं पाचट पसरा वर, फुकटात काम.

गोदाकाठ: पाचट नको, एक ठिणगी पुरते. आधी वरून चुन्याचे दोन हात द्या, पांढरा रंग ऊन परतवतो. मग पत्र्याखाली अर्धा फूट सोडून बांबूचे तट्टे बांधा आणि मधली गरम हवा निघायला दोन्ही टोकांना वाट ठेवा. थर्माकोलमध्ये हवा कोंडलेली असते, म्हणून लोखंडाच्या मानानं त्यातून उष्णता फारच कमी जाते. पण तो पेटतो, आजारी माणसाच्या डोक्यावर मी लावणार नाही.

मांजराकाठ: पत्रा लोखंडी, आठ फूट. भिंत चार इंची विटांची. खिडकी एकच, पश्चिमेला.

तेरणा: पश्चिमेला! हे आधी सांगायचं की. बाहेरून गोणपाट बांधा, दुपारी भिजवत राहा. आणि आईंना लाकडी बाजेवर घ्या. खोलीत लाकूडही तितकंच तापतं, पण हाताला उष्णता हळू देतं, म्हणून चटका बसत नाही.

मांजराकाठ: बाज आहे माळ्यावर, आत्ताच काढतो. चुना टिकावा म्हणून मीठ घालू का? भिंतीला घालतात.

गोदाकाठ: पत्र्याला मीठ अजिबात नको, गंजेल. डिंक घाला.