पोरगं नॅशविलला चाललं: घरच्या ग्रुपवरची चर्चा

आत्या (मोर्शी): चिनूला अमेरिकेत नॅशविलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात ॲडमिशन मिळाली, सकाळीच कळलं. लेकरा, खूप खूप अभिनंदन! एक विचारायचं होतं. ते चर्चचं विद्यापीठ आहे म्हणे? रविवारी प्रार्थनेला जावंच लागते का? तुझ्या आईला काळजी लागली आहे.

चिनू: नाही आत्या, तसं काही नाही. मेथडिस्ट चर्चने, म्हणजे ख्रिश्चनांच्या एका प्रोटेस्टंट पंथाने, सुरू केलं होतं हे खरं, पण आता ते कोणत्याच चर्चच्या ताब्यात नाही.

मोठेबाबा: आत्या, मी नागपूरच्या हिस्लॉपला होतो. स्कॉटलंडच्या मिशनवाल्याईनं 1883 ले काढलेलं कॉलेज. मले तिथं कोणी धर्म विचारला नाही. तू काळजी करू नको. पण चिनू, ज्याईनं काढलं त्याईच्याच ताब्यात नाही म्हंजे काय? मंग कोणाचं हाय ते?

शरद काका: मोठेबाबा, नेमका प्रश्न विचारला. इतिहास शिकवताना हे प्रकरण मी बारकाईनं वाचलं होतं. आपल्या गावची शाळा चालवणाऱ्या संस्थेची घटना-दुरुस्ती आमसभेपुढे येणार आहे, म्हणून जरा लांब लिहितो, सगळ्यांनी वाचा.

अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 मध्ये संपलं. दक्षिणेकडची राज्यं हरली, कंगाल झाली. तिथल्या मेथडिस्ट चर्चने 1872 मध्ये 'सेंट्रल युनिव्हर्सिटी' नावाची सनद घेतली, पण जवळ दमडी नव्हती. पुढच्या वर्षी त्या चर्चचे बिशप, म्हणजे वरिष्ठ धर्मगुरू, मॅकटायर उपचारासाठी न्यूयॉर्कला गेले. त्यांची बायको आणि कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट या जहाज-रेल्वेच्या मालकाची दुसरी बायको, या दोघी नात्यातल्या बहिणी. बिशप त्याच घरी उतरले आणि पाच लाख डॉलरचं वचन घेऊन परतले. ती देणगी पुढे दहा लाखांपर्यंत गेली. विद्यापीठाला देणगीदाराचं नाव लागलं आणि 1875 मध्ये वर्ग भरू लागले. स्वतः व्हँडरबिल्ट नॅशविलला कधीच गेला नाही. त्याची अट मात्र होती: विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष हयातभर मॅकटायरच राहतील.

वहिनी (अमरावती): म्हणजे सनद चर्चची, पैसा दुसऱ्याचा, आणि कारभार एका माणसावरच्या भरवशाचा.

शरद काका: अगदी बरोबर. मॅकटायर होते तोवर कोणाला काही विचारावंच लागलं नाही. ते 1889 मध्ये गेले. 1893 मध्ये जेम्स कर्कलँड चॅन्सेलर, म्हणजे विद्यापीठाचे प्रमुख, झाले. वय पस्तिशीच्या आतलं, डॉक्टरेट जर्मनीतली. त्यांना हे खऱ्या अर्थानं संशोधनाचं विद्यापीठ करायचं होतं. बिशपांना मंडळावर पदसिद्ध जागा मिळत होत्या, त्यांवर त्यांनी कात्री लावली. 1905 पासून वाद पेटला. बिशपांचं म्हणणं होतं की हे चर्चचं विद्यापीठ आहे, विश्वस्त आम्ही नेमणार आणि मंडळाचा ठराव फेटाळण्याचा हक्कही आमचाच. 1910 मध्ये चर्चच्या सर्वसाधारण परिषदेनं आपले विश्वस्त निवडले. मंडळानं त्यांना बसूच दिलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं.

चिनू: त्यातच 1913 मध्ये अँड्र्यू कार्नेगी या पोलादाच्या कारखानदाराने विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेला दहा लाख डॉलर देऊ केले. अट अशी की तिचा कारभार चर्चच्या बाहेरचं वेगळं मंडळ पाहील. बिशपांनी विरोध केला.

शरद काका: हो. खालच्या कोर्टात चर्च जिंकलं होतं. पण मार्च 1914 मध्ये टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. विश्वस्त मंडळच आपले विश्वस्त निवडणार, बिशपांना नकाराधिकार नाही. त्याच वर्षी चर्चनं विद्यापीठाशी संबंध तोडला.

मंगेश: काका, मला हे पटत नाही. चर्चनं सनद घेतली, बिशपानं वणवण करून पैसा आणला, आणि चाळीस वर्षांनी तुम्ही त्यालाच बाहेर काढता? हा अन्याय नाही?

शरद काका: मंगेश, तुझं म्हणणं मी बाजूला सारत नाही. चर्चच्या मनात खरी भीती होती: ज्या हेतूनं काढलं तो हेतूच हरवेल, धर्मोपदेशक घडणं बंद होईल. ती खोटी म्हणता येत नाही. कर्कलँडच्या बाजूनंही वजन होतं, कारण प्राध्यापकाची नेमणूक बिशपांच्या बैठकीत ठरू लागली की संशोधन मागे पडतं. तुझ्या समाधानासाठी सांगतो, धर्मशास्त्राचा विभाग तिथं आजही आहे, फक्त तो एका पंथाचा नाही. माझा मुद्दा वेगळाच आहे. मॅकटायर चांगले माणूस होते, म्हणून कोणी नीट लिहून ठेवलं नाही. विश्वस्त कोण निवडणार, नकार कोण देणार, जागा रिकामी झाली तर कोण भरणार, हे 1873 मध्येच शब्दांत बांधलं असतं तर पुढचं भांडण झालंच नसतं.

आत्या (मोर्शी): मग चर्चनं काय केलं? गप्प बसलं?

चिनू: नाही आत्या. त्यांनी दोन नवीन विद्यापीठांना हात दिला. एक अटलांटाचं एमरी. जुनं एमरी कॉलेज 1836 चं, पण 1915 मध्ये त्याला विद्यापीठाची सनद मिळाली. त्यासाठी कोका-कोलाच्या आसा कँडलरने दहा लाख डॉलर दिले, त्याचा भाऊ बिशप होता. दुसरं डॅलसचं सदर्न मेथडिस्ट, स्थापना 1911 ची आणि वर्ग 1915 पासून.

शरद काका: आणि शंभर वर्षांनी डॅलसमध्ये तेच भांडण! तिथल्या मंडळानं 2019 मध्ये आपल्या सनदेतून चर्चचे हक्क काढून टाकले. चर्च कोर्टात गेलं. 2025 मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चर्चला हा दावा चालवता येईल. म्हणजे इथं चर्चचा हक्क सनदेत लिहिलेला होता. तो लिहिलेला होता म्हणून आज त्यांना कोर्टात उभं तरी राहता येतं.

वहिनी (अमरावती): यातून मधला मार्ग कोणी काढला का?

शरद काका: काढला. नोत्र दाम या अमेरिकेतल्याच कॅथलिक विद्यापीठानं. 1842 मध्ये एडवर्ड सोरिन या होली क्रॉस नावाच्या कॅथलिक धर्मसंघाच्या पाद्र्यानं ते स्थापन केलं. 1967 मध्ये संघानं आपणहून कारभार सोडला. वर बारा 'फेलो' ठेवले, सहा संघाचे पाद्री आणि सहा बाहेरचे. रोजचा कारभार विश्वस्त मंडळाकडे गेला. अध्यक्ष मात्र होली क्रॉसचाच पाद्री असावा, हा नियम कायम. मला ही रचना फार आवडते. श्रद्धा कोणाच्या मर्जीवर सोडली नाही, तिला जागा मोजून दिली. आणि हे भांडण लागण्याआधी केलं.

मोठेबाबा: आता माह्या मनातलं बोलतो. आपल्या बापानं शाळेले दोन एकर दिलं, रस्त्याच्या कडीचं, आज तिथं संत्र्याची बाग राह्यली असती. पण बापाले शाळा पाह्यजे होती. त्या वक्ती अध्यक्ष गावचे होते, कोणी कागद पाह्यला नाही. आता कार्यकारिणीत गावचा एकही माणूस नाही. पोरीईचं वसतिगृह बंद पडलं. बापानं ते वसतिगृहासाठीच दिलं होतं.

शेखरदादा (वकील): मोठेबाबा, बक्षीसपत्रात 'वसतिगृहासाठी' असं लिहिलं आहे का? तोंडी सांगितलेलं कोर्टात फार टिकत नाही.

मोठेबाबा: लिहिलं असंल. मी तवा लहान होतो.

शेखरदादा (वकील): मग आधी ते पाहू. आपल्याकडची अशी संस्था दोन ठिकाणी नोंदलेली असते. 1860 च्या सोसायटी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, द्यावा लागतो, तो कलम 22 चा. न्यासाची जमीन विकायची तर कलम 36 ची परवानगी लागते. आणि संस्थेचा मूळ उद्देशच बदलायचा असेल तर तीन पंचमांश मतं, तीसुद्धा दोन वेगवेगळ्या सभांत.

मंगेश: म्हणजे नुसत्या आमसभेत हात वर करून वसतिगृह उद्देशातून काढता येणार नाही?

शेखरदादा (वकील): उद्देशात असेल तर नाही. नसेल तर मात्र आपली बाजू पांगळी आहे, खोटी आशा देत नाही.

शरद काका: म्हणून माझं म्हणणं ऐका. आमसभेत वसतिगृहाचं गाऱ्हाणं तर मांडूच, पण एक लेखी दुरुस्तीही देऊ. कार्यकारिणीत दोन जागा गावच्या, त्यांची निवड ग्रामसभेतून, आणि मुलींचं वसतिगृह हा उद्देश म्हणून नोंदवायचा. आजचे पदाधिकारी चांगले असोत की नसोत, ते बदलल्यावरही टिकेल असं लिहायचं. कोणावर चिखलफेक करायची नाही, ते आपलेच लोक आहेत.

आत्या (मोर्शी): वसतिगृह होतं म्हणून मी दहावी झाले. माझी सही सगळ्यात आधी घ्या.

चिनू: काका, मसुदा मी टाईप करून देतो. जायच्या आधी पूर्ण करतो.

शेखरदादा (वकील): मी सोमवारी अमरावतीला धर्मादाय कार्यालयात शेड्यूल वन, म्हणजे न्यासाच्या नोंदणीचा उतारा, आणि मूळ घटनेच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज टाकतो. बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे शोधावं लागेल. मोठेबाबा, सातबाऱ्यावरचा जुना गट नंबर किंवा फेरफार, जे सापडेल त्याचा फोटो इथं टाका.

मोठेबाबा: पेटीत हाय. पाह्यतो.