यलोस्टोनचं ओल्ड फेथफुल इन: आईबाबांसाठी जुन्या भागातली खोली घ्यावी का? मदत हवी आहे

मुक्ता_स

नमस्कार मंडळी,

पुढच्या सप्टेंबरात आईबाबांना घेऊन अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जायचं ठरतंय. गायझर (जमिनीतून उसळणारे गरम पाण्याचे फवारे), गवे (बायसन), दऱ्या हे सगळं पाहायचं आहेच, पण बाबांचा जीव अडकलाय तो ओल्ड फेथफुल नावाच्या गायझरजवळच्या जुन्या लाकडी हॉटेलात, ओल्ड फेथफुल इनमध्ये. ते सुतारकामाचे शिक्षक होते. अजूनही कुठल्या इमारतीत शिरले की आधी मान वर करतात आणि खांब तुळईला कुठे भेटतो ते शोधतात. या इनच्या लॉबीचे फोटो ते मोठे करकरून बघत असतात. सुमारे 76 फूट उंच लॉबी, लॉजपोल पाइनच्या ओंडक्यांचे खांब, आणि खांबांना धरून ठेवणाऱ्या वाकड्या, गाठाळ फांद्या. सरळ लाकूड कुणीही बसवेल, पण वाकडं लाकूड नेमक्या जागी बसवायला नजर लागते, असं त्यांचं म्हणणं. रॉबर्ट रीमर या वास्तुविशारदाने तिशीच्या उंबरठ्यावर ही इमारत आखली, 1903 मध्ये काम सुरू झालं, मधला तिथला भयंकर हिवाळा काढून 1904 च्या जूनमध्ये दारं उघडली, हे सगळं बाबांना पाठ आहे.

अडचण खोलीची आहे. मला समजलं ते असं: मधला भाग 1904 चा, त्याला ओल्ड हाउस म्हणतात. पूर्वेची विंग 1913-14 ची, पश्चिमेची 1927 ची. विंगमधल्या खोल्यांना स्वतःचं बाथरूम आहे. ओल्ड हाउसमधल्या बऱ्याच खोल्यांत मात्र फक्त बेसिन असतं. संडास आणि अंघोळीची सोय कॉरिडॉरमध्ये, सगळ्यांत मिळून. बाबांना अर्थातच ओल्ड हाउस हवंय. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, आणि तिला रात्री उठावं लागतं.

आई म्हणते, "त्यांची एवढी इच्छा आहे तर जाईन मी कॉरिडॉरमधून, त्यात काय." मला भीती याचीच वाटते. ती जाईल, गुडघा दुखेल, आणि आम्हाला कळूही देणार नाही. ही सहल दोघांचीही व्हायला हवी.

तर ज्यांनी तिथे मुक्काम केलाय त्यांना विचारते. विंगमध्ये राहिलं तर त्या जुन्या इमारतीचं काही हाती लागतं का, की ते शेजारच्या साध्या हॉटेलात राहिल्यासारखं होतं? जिने किती आहेत? आईला फार न चालता गायझर बघता येईल अशी बसायची जागा आहे का? शिवाय आईच्या मनात एक धास्ती आहे, की एवढी सगळी इमारत लाकडाची, आग लागली तर? आणि बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, तिथली उंची समुद्रसपाटीपासून 7,300 फुटांच्या वर आहे, त्याचं काय करावं?

बुकिंगच्या पानावर आम्हाला हव्या त्या तारखांना सध्या एकही खोली दिसत नाही. त्याबद्दलही सांगा.

रानवाटा

मुक्ता, मी ओल्ड हाउसमध्ये बिनबाथरूमच्या खोलीत राहिलोय, त्यामुळे स्पष्ट सांगतो: आईंना त्या खोलीत ठेवू नका.

खोली सुंदर असते. काहींच्या भिंती ओंडक्यांच्या, काहींच्या खरबरीत फळ्यांच्या. टीव्ही नाही, एसी नाही, आणि दोन्हींची आठवणही होत नाही. बाथरूमं स्वच्छ होती. पण रात्री थंडीत उठायचं, अंगावर काहीतरी चढवायचं, किल्ली घ्यायची, पाऊल टाकलं की करकरणाऱ्या फळ्यांवरून मंद दिव्यांच्या कॉरिडॉरमध्ये चालत जायचं, आणि आत कुणी असेल तर बाहेर थांबायचं. तरुण माणसाला यात मजा वाटते. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला वाटणार नाही. भिंतींतून आवाजही येतो, शेजारी कुणी खोकलं तरी कळतं. हे विंगमध्ये जरा कमी.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. विंगमध्ये राहून काहीही हुकत नाही, कारण या इमारतीचा प्राण लॉबीत आहे आणि विंगमधून तुम्ही आतल्या आतच लॉबीत येता. बाहेर पाऊस असो की बर्फ. दिवसा लॉबीत बसगाड्यांमधून आलेल्या लोकांची इतकी गर्दी असते की धड उभंही राहता येत नाही. खरी लॉबी मिळते ती मुक्कामाला असणाऱ्यांना. रात्रीच्या जेवणानंतर फिरस्ते निघून गेले की वरच्या मजल्यांवरच्या सज्जांमध्ये खुर्च्या रिकाम्या होतात. तिथे कठड्याला टेकून बसलं की ते सगळे सांधे बाबांच्या नजरेच्या पातळीवर येतात. आणि पहाटे सहाच्या सुमारास तर चार-दोन माणसंच असतात. बाबांना त्या वेळी खाली सोडून द्या, नाश्त्याला शोधून आणा.

देवदार

रानवाटा, तुमचा आईंबद्दलचा सल्ला मान्य, पण "काहीही हुकत नाही" हे मला पटत नाही.

ज्याने आयुष्यभर लाकूड हाताळलं त्या माणसाला लॉबी पाहणं आणि त्या भिंतीला पाठ लावून झोपणं यात फरक वाटणारच. लॉबी बघायला सगळं जग येतं. खोलीत मात्र तो आणि ती भिंत, दोघंच. तिथे हात फिरवून बघता येतो, कुऱ्हाडीच्या खुणा शोधता येतात, कुणी घाई करत नाही.

मुक्ता, ओल्ड हाउसमध्ये बाथरूम असलेल्याही काही खोल्या आहेत. त्या सगळ्यांत आधी जातात, पण प्रयत्न करा. नाहीच मिळाल्या तर असं करा: आईसाठी पूर्व विंगमध्ये खोली घ्या, आणि एका रात्रीपुरती ओल्ड हाउसमधली साधी खोलीही घ्या. बाबांसोबत घरातलं कुणीतरी तिथे झोपेल. एकाच छताखाली आहे सगळं. मात्र ओल्ड हाउसच्या वरच्या मजल्यांवर जायला जिनेच आहेत, तेव्हा बाबांसाठीही खालचाच मजला मागा.

बुकिंग: या खोल्या साधारण वर्षभर आधी खुल्या होतात आणि बघता बघता संपतात. पण खचून जाऊ नका. लोक वर्षभर आधी धरून ठेवतात आणि मग बेत बदलतात, त्यामुळे रद्द झालेल्या खोल्या सतत परत येत असतात. रोज सकाळ-संध्याकाळ पान उघडून बघायचं, एवढाच उपाय. सलग तारखांसाठी अडून बसू नका, एकेक रात्र शोधा. एकेक रात्र मिळाली की नंतर फोन करून त्याच खोलीत ठेवता येईल का विचारता येतं. आणि पार्कच्या लॉजचं अधिकृत संकेतस्थळच वापरा. मिळत्याजुळत्या नावांनी जास्त पैसे घेणारे मध्यस्थ खूप आहेत.

तोवर हातात काहीतरी असावं म्हणून जवळच्याच स्नो लॉजमध्ये किंवा ओल्ड फेथफुल लॉजच्या केबिनमध्ये खोली धरून ठेवा. स्नो लॉज 1999 चं आहे, बाबांना तिथे झोपायला आवडणार नाही, पण इनपर्यंत चालत जाता येतं. आणखी एक, इन साधारण मेच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या पूर्वार्धापर्यंतच चालू असतं. सप्टेंबर त्यात बसतो, आणि गर्दीही उतरलेली असते.

मुक्ता_स

दोघांचेही मनापासून आभार. दोन खोल्यांची कल्पना माझ्या डोक्यातच आली नव्हती. आगीबद्दल कुणी सांगू शकेल का? आई रोज विचारते.

धरित्री

आईंना सांगा, ही इमारत आगीच्या तोंडातून परत आलेली आहे.

1988 च्या उन्हाळ्यात यलोस्टोनमध्ये प्रचंड वणवे लागले. 7 सप्टेंबरला त्यातला एक ओल्ड फेथफुलच्या आवारापर्यंत पोहोचला. ठिणग्यांचा नुसता पाऊस पडत होता. इनच्या छतावर पाणी सोडणारी यंत्रणा त्याच्या आदल्याच वर्षी बसवली होती. ती चालू केली, अग्निशामकांनी छप्पर भिजवत ठेवलं, वाऱ्यानेही शेवटी दिशा बदलली. आसपासच्या काही लहान केबिन जळाल्या, इन वाचलं. आतही आग विझवणारे फवारे आहेत. या इमारतीला सगळ्यात मोठं भय कशाचं आहे हे ती सांभाळणाऱ्यांना पुरतं माहीत आहे, म्हणूनच खोलीत मेणबत्ती, शेगडी, काहीही चालत नाही. आपणही पोहोचल्याबरोबर बाहेर पडायचे दोन रस्ते पाहून ठेवायचे. हे मी कुठल्याही हॉटेलात करते.

त्याआधी 17 ऑगस्ट 1959 ला रात्री भूकंपही झाला होता, 7.3 तीव्रतेचा. जेवणघराचं दगडी धुराडं आत कोसळलं. वेळ रात्री साडेअकरानंतरची, जेवणघर रिकामं, त्यामुळे तिथे कुणाचा जीव गेला नाही. लाकडी सांगाडा मात्र तगला. बाबांना यात खूप रस वाटेल. लॉबीच्या अगदी वर, छताखाली एक छोटा चौथरा दिसतो, क्रोज नेस्ट. पूर्वी तिथे बसून वादक वाजवायचे आणि खाली पाहुणे नाचायचे. भूकंपानंतर तो पाहुण्यांसाठी बंद झाला. खालून डोळे भरून बघता येतो.

अश्विनी_वै

उंचीबद्दल लिहिते. एवढ्या उंचीवर पहिले एक-दोन दिवस दम लागणं, डोकं जड होणं, झोप नीट न लागणं हे वयाच्या मानाने स्वाभाविक आहे. पाणीसुद्धा तिथे साधारण 93 अंशांनाच उकळतं, यावरून हवा किती विरळ आहे ते समजेल. निघण्याआधी बाबांच्या डॉक्टरांना भेटा आणि उंची आकड्यात सांगा, "डोंगरावर जातोय" एवढंच नको. गोळ्यांचं वेळापत्रक तेच ठरवतील. थेट विमानातून उतरून इनला न जाता एक रात्र खाली काढता आली तर उत्तम. पहिल्या दिवशी काहीही ठरवू नका. भरपूर पाणी प्या. छातीत दुखलं किंवा बसल्या जागीही धाप लागली तर थांबून बघू असं म्हणायचं नाही. मोसमात ओल्ड फेथफुलला दवाखाना असतो, तो कुठे आहे हे पोहोचतानाच विचारून ठेवा. मोबाइलला रेंज मिळेलच असं धरून चालू नका.

सप्टेंबरात रात्री पारा शून्याजवळ जाऊ शकतो, बर्फही पडू शकतो. आईंना गुडघ्याला उबदार काहीतरी हवंच.

रानवाटा

आईंच्या बसायच्या जागेचं सांगायचं राहिलंच होतं. इनच्या दर्शनी पोर्चच्या वर, दुसऱ्या मजल्यावर मोठी उघडी गच्ची आहे, बाकं टाकलेली. तिथून ओल्ड फेथफुल समोर दिसतो. एकदा जिना चढल्या की मग कितीही वेळ बसा. खाली गायझरभोवतीचा रस्ताही सपाट आहे, आणि अंतर थोडंच. 1894 च्या कायद्याने गायझरपासून एक अष्टमांश मैलाच्या आत इमारत बांधायला बंदी होती, इन त्या हिशेबाने जवळ म्हणता येईल एवढं जवळ बांधलंय. म्हणजे दोनेकशे मीटर.

उद्रेकाचा अंदाज लॉबीत आणि माहिती केंद्रात लावलेला असतो, दहा मिनिटं इकडेतिकडे धरून. मधलं अंतर साधारण दीड तास. आधीचा उद्रेक लांबला असेल तर पुढचा उशिरा होतो, आटोपता असेल तर लवकर. दुपारी बाकांवर जागा मिळत नाही. सकाळी लवकरचा किंवा सूर्यास्ताच्या आसपासचा उद्रेक धरा. आणि गवे इनच्या अंगणातसुद्धा येतात. 25 यार्ड लांब राहायचं, अस्वल किंवा लांडगा दिसला तर 100. आईंना पटकन मागे सरता येत नाही, म्हणून तुम्ही आधीच जास्त अंतर ठेवा.

मुक्ता_स

आज पहाटे पूर्व विंगमध्ये तळमजल्यावरची खोली मिळाली! बाबांना दोन खोल्यांचं सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "नको, मी हिच्याबरोबरच राहणार." आईने त्यांना गप्प केलं. म्हणाली, तुम्ही एक रात्र जा, मला त्या रात्री तुमच्या घोरण्याशिवाय झोपू दे. तेव्हा ओल्ड हाउसच्या एका रात्रीसाठी मी अजून पान बघतेच आहे, मिळाली तर बाबांसोबत भाऊ राहील.

बाबांचा एक शेवटचा प्रश्न आहे, त्यांच्याच शब्दांत: "तिथे गेल्यावर नुसतं वर बघू नको, अजून काय बघू ते विचार."

देवदार

बाबांना सांगा, लॉबीतल्या ओंडक्यांना सुरुवातीला साल तशीच होती. ती 1940 मध्ये काढली. सालीखाली किड्यांनी कोरलेल्या नक्षीच्या रेषा काही खांबांवर सापडतात का ते हाताने बघा. मग शेकोटी. सुमारे 500 टन दगड, तिथलाच रायोलाइट, म्हणजे ज्वालामुखीचा खडक. चार बाजूंना चार मोठ्या चुली आणि कोपऱ्यांत चार लहान. तिच्यावरचं भलंमोठं घड्याळ, दाराच्या बिजागऱ्या आणि कड्या हे सगळं लोहाराने घडवलेलं काम आहे. सुतार असले तरी त्यांना त्या कड्यांपाशी थांबावंसं वाटेल. इमारत दाखवायच्या फेऱ्याही होतात, त्यांच्या वेळा पोहोचल्यावर लॉबीतच विचारा. फेरी घेणाऱ्याला बाबांनी सांध्यांबद्दल मोकळेपणाने विचारावं, भाषेसाठी तुम्ही शेजारी उभ्या राहा.

ओल्ड हाउसच्या खोलीसाठी मुक्कामाच्या आदल्या आठवड्यातही बघत राहा. मला ती तेव्हाच मिळाली होती.