मदत हवी आहे: चालू प्रॉक्समॉक्स क्लस्टरचं नेटवर्क वेगळं करायचंय, नोड रीसेट न होता

वैशाली_सातपूर

नमस्कार मंडळी,

सातपूर एमआयडीसीतल्या एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात मी आणि माझा एक सहकारी मिळून सर्व्हर सांभाळतो. आधी सगळं व्हीएमवेअरवर होतं, गेल्या वर्षी प्रॉक्समॉक्सवर आलो (दोन्ही एका सर्व्हरवर अनेक आभासी मशिन, म्हणजे व्हीएम, चालवणारी सॉफ्टवेअर). दोन क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरचे (नोडचे) गट, आहेत. पहिला पाच नोडचा: ईआरपी (कारखान्याच्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर), डोमेन कंट्रोलर (लॉगिन सांभाळणारा सर्व्हर), फाइल सर्व्हर, आणि व्हीएमच्या डिस्क एनएफएसवर (नेटवर्कवरच्या सामायिक स्टोरेजवर). दुसरा तीन नोडचा, त्यावर सेफ स्टोरेज (डेटाच्या प्रती वेगवेगळ्या नोडवर ठेवणारं) आणि प्रॉडक्शन लाइनवरून डेटा गोळा करणारे व्हीएम.

अडचण अशी की सगळं एकाच नेटवर्कवर आहे. १९२.१६८.१०.०/२४ मध्येच मॅनेजमेंट, कोरोसिंक (नोडचा आपसातला संपर्क राखणारी सेवा), मायग्रेशन (व्हीएम एका नोडवरून दुसऱ्यावर हलवणं), बॅकअप आणि व्हीएमची रहदारी. प्रत्येक नोडला १० गिगाबिटचे दोन पोर्ट आहेत, त्यांचा एलएसीपी बॉण्ड (दोन पोर्ट जोडून एक लिंक) केलाय आणि सगळं त्यावरून जातं. रात्री बॅकअप सुरू झाला की कोरोसिंकच्या लॉगमध्ये रिट्रान्समिटच्या (संदेश पुन्हा पाठवल्याच्या) ओळींचा नुसता पाऊस पडतो. मध्यंतरी एका रात्री पाचांपैकी दोन नोड आपोआप रीसेट झाले. व्हीएम दुसऱ्या नोडवर उठले, पण ईआरपीचा डेटाबेस रिकव्हरीत गेला आणि पहिल्या पाळीच्या गाड्या गेटवर चलनासाठी थांबून राहिल्या.

म्हणून आता व्हीलॅन (त्याच केबलवरची वेगवेगळी आभासी नेटवर्क) वेगळे करायचे आहेत. मॅनेजमेंट २० वर, कोरोसिंक ३० वर, मायग्रेशन आणि बॅकअप ४० वर, आणि सेफचं रेप्लिकेशन ५० वर, ९००० एमटीयूसह (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये). अ‍ॅन्सिबलचं प्लेबुक (अनेक मशिनवर आपोआप बदल करणारी स्क्रिप्ट) लिहून तयार आहे. ते सगळ्या नोडवर नवी इंटरफेसेस फाइल टाकतं, कोरोसिंकची फाइल बदलतं आणि नेटवर्क रीलोड करतं. दिवाळीत चार दिवस प्लांट बंद असतो, तेव्हा एका रात्रीत उरकावं असं वरिष्ठांचं म्हणणं आहे.

मला विचारायचंय ते हे. बदलांचा क्रम काय ठेवावा? रीलोडनंतर नोडशी संपर्कच तुटला तर प्रॉक्समॉक्स आपणहून जुन्या सेटिंगवर येतं का? व्हीएमवेअरला ती सोय होती. आणि सेफच्या क्लस्टरला याच पद्धतीने हात लावता येईल का, की तिथे वेगळा विचार करावा लागेल?

मनोहर_ठाणे

ताई, आधी थोडी माहिती द्या. एचए (नोड पडला तर त्याचे व्हीएम दुसरीकडे आपोआप उठवणारी सोय) चालू आहे का, आणि कोणत्या व्हीएमना? आयड्रॅकला (सर्व्हर दुरून सांभाळायच्या कन्सोलला) वेगळी केबल आहे की सर्व्हरच्याच लॅन पोर्टवर शेअर्ड आहे? स्विच एक आहे की दोन, आणि दोन असतील तर स्टॅक केलेत का (दोन मिळून एकच स्विच)? उत्तर बरंचसं यावर ठरेल.

वैशाली_सातपूर

एचए चालू आहे, ईआरपी आणि डोमेन कंट्रोलर त्यात आहेत. आयड्रॅक आत्ताच जाऊन पाहिलं. तीन नोडना स्वतंत्र केबल आहे, पण पहिल्या क्लस्टरच्या दोन नोडवर ते बोर्डावरच्या १ गिगाबिटच्या पोर्टवर शेअर्ड आहे. सेफच्या तिन्ही नोडना स्वतंत्रच आहे. स्विच दोन, सिस्कोचे, स्टॅक केलेले, आणि बॉण्डची एकेक केबल एकेका स्विचला. बोर्डावरचे १ गिगाबिटचे पोर्ट, ते दोन सोडले तर, रिकामेच आहेत.

भालचंद्र_के

वैशालीताई, ते प्लेबुक आहे तसं चालवू नका, ही पहिली विनंती. अ‍ॅन्सिबल डीफॉल्टने एका वेळी पाच मशिनवर काम करतं, आणि तुमचा क्लस्टर नेमका पाच नोडचा आहे. म्हणजे पाचही नोडचं नेटवर्क एकाच क्षणी हलेल. सिरियल १ (एका वेळी एकच नोड) करा, एक जरी नोड फसला तरी पुढचं थांबेल असं लिहा, आणि प्रत्येक नोडनंतर कोरम (निम्म्याहून जास्त नोड एकमेकांच्या संपर्कात असणं) तपासल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका. कोरोसिंकची फाइल तर प्लेबुकमधून काढूनच टाका, ती एकदाच एका नोडवर हाताने बदलायची असते.

आता रीसेट का होतात ते बघा, कारण सगळा क्रम त्यावरच ठरतो. नोडचा कोरम गेला की ईटीसी पीव्हीई फोल्डर (क्लस्टरच्या सेटिंगचं) फक्त वाचण्यापुरतं उरतं. तेवढ्याने चालू व्हीएम बंद पडत नाहीत. पण त्या नोडवर एचएमधला व्हीएम असेल तर तिथला एलआरएम (नोडवरची एचएची सेवा) वॉचडॉग (वेळेत खबर न मिळाल्यास मशिन रीसेट करणारा टायमर) धरून बसलेला असतो. कोरम नाही म्हणून त्याला आपलं लॉक नव्याने घेता येत नाही, आणि साधारण ६० सेकंदांत वॉचडॉग नोडला रीसेट मारतो. हे मुद्दाम तसंच बनवलंय, कारण तोच व्हीएम दोन ठिकाणी चालू झाला तर डिस्कची वाट लागेल. पण नेटवर्क बदलताना पाचही नोड एकमेकांना दिसेनासे झाले, तर एचएवाले सगळेच नोड एकदम खाली बसतील.

तेव्हा सगळ्यात आधी एचए शांत करा. आधी सर्व नोडवर एलआरएमची सेवा थांबवा आणि ती सगळीकडे थांबल्यावरच सीआरएमची (पूर्ण क्लस्टरचं एचए सांभाळणारी). हा क्रम उलटा करू नका. व्हीएम चालूच राहतात, एचएच्या नोंदी फक्त गोठतात. तेवढ्या वेळात एखादा नोड खरंच मेला तर त्याचे व्हीएम कोणी उठवणार नाही, हे वरिष्ठांना आधी सांगून ठेवा.

मग कोरोसिंक. इथे जुनं बदलू नका, नवं जोडा. कोरोसिंकला बँडविड्थ फारशी लागत नाही, त्याला लेटन्सी (संदेश पोचायला लागणारा वेळ) कमी लागते. त्यामुळे रिकामे १ गिगाबिटचे पोर्ट त्याच्यासाठी उत्तम आहेत, आणि बॅकअपचा भार त्या केबलवर कधीच येणार नाही. शेअर्ड आयड्रॅकवाल्या दोन नोडवर मात्र आधी आयड्रॅक त्याच्या स्वतंत्र पोर्टवर न्या आणि तिथून कन्सोल उघडतोय हे पाहा. नाहीतर ज्या पोर्टची सेटिंग बदलताय त्याच पोर्टवर तुमचा शेवटचा दरवाजा असेल.

पाचही नोडना १०.३०.०.११ पासून पत्ते द्या, गेटवे देऊ नका. प्रत्येक नोडवरून बाकी चौघांना पिंग करा. मग ईटीसी पीव्हीई मधल्या कोरोसिंकच्या फाइलची प्रत घ्या आणि बदल त्या प्रतीत करा. पाचही नोडच्या नोंदीत रिंग१ चा (नव्या लिंकचा) पत्ता घाला, टोटेमच्या भागात लिंक क्रमांक १ जोडा, कॉन्फिग व्हर्शन एकाने वाढवा, आणि सगळं पुन्हा एकदा वाचून झाल्यावर प्रत मूळ फाइलच्या जागी हलवा. चालू फाइल एडिटरमध्ये उघडून बदलू नका, कारण तुम्ही सेव्ह केलं की त्याच क्षणी ती सगळ्या नोडवर लागू होते, अर्धवट असली तरी. रीस्टार्ट लागू नये, लॉगमध्ये नवी लिंक आल्याचं दिसतं. तरी प्रत्येक नोडवर जाऊन सीएफजीटूल कमांडने बघा की लिंक १ बाकी चौघांशी जोडलेली आहे. एका नोडवरून पाहून समाधान मानू नका.

हे जमलं की लिंक १ ला प्रायॉरिटी २० आणि जुन्या लिंक ० ला १० द्या. मोठा आकडा आधी वापरला जातो. जुनी लिंक काढू नका, ती राखीव म्हणून राहू दे. शेवटी एका नोडची जुनी बाजू तात्पुरती तोडून तो नोड क्लस्टरमध्ये टिकतो का ते बघा. एनएफएसही त्याच बाजूला आहे, म्हणून आधी त्या नोडवरचे व्हीएम दुसरीकडे हलवा.

रात्रीचा त्रास बहुतेक एवढ्यानेच थांबेल. मॅनेजमेंटचा पत्ता बदलायची घाई मी करणार नाही. त्यात होस्ट्स फाइल, सर्टिफिकेट, एनएफएसचे एक्सपोर्ट, मॉनिटरिंग, फायरवॉल असं सगळं ओढलं जातं आणि रीसेटशी त्याचा संबंध नाही. ते वेगळ्या दिवशी, एकेका नोडने करा. मायग्रेशनचं नेटवर्क तर डेटासेंटरच्या ऑप्शन्समध्ये नुसतं निवडायचं असतं.

बॉण्डबद्दल एक. एलएसीपीचा दर स्लो असेल आणि लिंक वर दिसूनही पलीकडची बाजू मेली असेल, तर ते कळायला ९० सेकंद लागतात. वॉचडॉगला ६० पुरतात. दोन्ही बाजूंना फास्ट करा, मग ३ सेकंदांत कळतं.

मनोहर_ठाणे

भालचंद्ररावांच्या म्हणण्यात भर घालतो, कारण मागे फिरण्याचा प्रश्न राहिला.

व्हीस्फिअरमध्ये ५.१ पासून होस्टचा संपर्क तुटला तर बदल आपोआप मागे घेतला जातो. प्रॉक्समॉक्समध्ये तसं नाही. वेब स्क्रीनवरून केलेले बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये साठतात आणि अप्लाय दाबल्यावर लागू होतात. पण एकदा लागू झाले की परतीची सोय आपणच करायची. इंटरफेसेस फाइलची प्रत बाजूला ठेवा. सिस्टमडी-रन कमांडने पाच मिनिटांचा टायमर लावा, जो ती प्रत परत जागेवर टाकून आयएफरीलोड (नेटवर्क रीलोडची कमांड) चालवेल. मग बदल लागू करा. नवीन एसएसएच (दुरून लॉगिनचं) सेशन उघडून आत जाता आलं तरच टायमर रद्द करा. आधीपासून उघडी असलेली खिडकी चालतेय यावर विश्वास ठेवू नका. आणि हे सगळं एचए थांबवल्यावरच, कारण टायमर पाच मिनिटांचा असला तरी वॉचडॉग एका मिनिटात काम करून मोकळा होतो.

स्विचवर ट्रंकला (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या पोर्टला) व्हीलॅन जोडताना 'अलाउड व्हीलॅन' नंतर 'अ‍ॅड' लिहायला विसरू नका. ते राहिलं तर नवा व्हीलॅन जोडला जात नाही, आधीची अख्खी यादी जाऊन तेवढा एकच उरतो. 'रीलोड इन १०' (दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीबूट) लावून ठेवायची पद्धत बरेच जण सांगतील. तुमच्याकडे स्टॅक आहे, दोन्ही स्विच एकदम रीबूट होतील आणि एनएफएस सगळ्याच नोडवरून जाईल. तुमच्यासाठी ती नको. कन्सोल केबल लावून कोणीतरी रॅकपाशी उभं राहिलेलं बरं.

आणि दिवाळीच्या रात्री करू नका. प्लांट बंद असतो तसा स्विचचा व्हेंडरही बंद असतो. साधा शनिवार निवडा, दुपारी तीनला सुरू करा.

स्नेहल_बंगळूर

सेफबद्दल लिहिते, रोजचं काम तेच आहे.

पब्लिक नेटवर्कला (व्हीएम आणि मॉनिटर ज्यावरून सेफशी बोलतात त्याला) हात लावू नका. मॉनिटरचे (सेफची स्थिती सांभाळणाऱ्या सेवांचे) पत्ते मॉनमॅपमध्ये (त्यांच्या यादीत) कोरलेले असतात, नोडचा आयपी बदलला म्हणून ते बदलत नाहीत. एकेक मॉनिटर काढून नव्या पत्त्यावर पुन्हा तयार करावा लागतो, आणि तीनपैकी दोन कायम उभे हवेत. तुमची गरज रेप्लिकेशनचा भार हलवण्याची आहे, त्याला क्लस्टर नेटवर्क बदललं की पुरतं.

आधी तिन्ही नोडना व्हीलॅन ५० मध्ये पत्ते द्या, १५०० एमटीयूवरच. मग नोआउट लावा (बंद दिसणारी डिस्क सेफने बाहेर काढू नये म्हणून), सेफच्या फाइलमध्ये क्लस्टर नेटवर्क बदला, आणि एका नोडचे ओएसडी (डिस्क सांभाळणाऱ्या सेवा) रीस्टार्ट करा. तिन्ही नोडना नव्या नेटवर्कमध्ये पत्ता आधीच असल्यामुळे नवे आणि जुने ओएसडी एकमेकांना सापडतात. सगळे पीजी (डेटाचे गट) अ‍ॅक्टिव्ह क्लीन होईपर्यंत थांबा. तीन प्रती आणि किमान दोन अशी सेटिंग असेल तर एक नोड रीस्टार्ट होताना व्हीएमना कळतही नाही, पण दुसऱ्याला आधीच हात लावलात तर लिहिणं-वाचणं थांबेल. तिन्ही झाले की नोआउट काढा.

९००० एमटीयू वेगळ्या दिवशी. आधी स्विचवर वाढवा, बऱ्याच स्विचवर ९२१६ देता येतं, मग नोडवर. तपासताना साधा पिंग कामाचा नाही. तुकडे न करण्याचा पर्याय लावून ८९७२ बाइटचा पिंग प्रत्येक जोडीत दोन्ही दिशांनी करा. आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ धरले की ९००० होतात. एकच पोर्ट राहून गेला तर साधा पिंग जातो, लॉगिन होतं, आणि मोठा डेटा मात्र अडकून बसतो. हा दोष शोधण्यात लोकांच्या रात्री जातात.

वैशाली_सातपूर

सगळ्यांचे मनापासून आभार. वरिष्ठांना हा धागाच वाचायला दिला आणि दिवाळीचा हट्ट सुटला.

शनिवारी पहिल्या क्लस्टरचं कोरोसिंक नव्या लिंकवर नेलं. एचए थांबवलं होतं. चौथ्या नोडवरून बाकी कोणालाच पिंग जाईना, पत्ता आणि मास्क तर बरोबर होते. इथटूलने पोर्टचा दिवा लुकलुकवून पाहिला तेव्हा कळलं की केबल शेजारच्या पोर्टमध्ये होती. कोरोसिंकची फाइल बदलण्याआधीच हे सापडलं, कारण भालचंद्रसरांनी पिंग आधी करायला सांगितलं होतं. त्यानंतर रात्रीचा पूर्ण बॅकअप होऊन गेला, रिट्रान्समिटची एकही ओळ नाही. एचए पुन्हा सुरू केलंय.

एकच शंका उरली. आमच्याकडे डेटासेंटर पातळीवर फायरवॉल चालू आहे. पुढे मॅनेजमेंट व्हीलॅन २० वर नेलं की आमचे पीसी दुसऱ्या सबनेटमध्ये राहतील. ८००६ चा वेब पोर्ट बंद होईल का?

भालचंद्र_के

होईल. फायरवॉल नोडच्या स्वतःच्या पत्त्यावरून लोकल नेटवर्क ओळखतो आणि वेब, एसएसएच तेवढ्यालाच आपोआप उघडं ठेवतो. आज तुमचे पीसी त्याच सबनेटमध्ये आहेत म्हणून चालतंय. पत्ता बदलण्याआधी डेटासेंटरच्या फायरवॉलमध्ये मॅनेजमेंट नावाचा आयपीसेट (पत्त्यांची यादी) बनवा आणि त्यात तुमच्या पीसींचं सबनेट घाला. बदलानंतर फायरवॉल कोणतं नेटवर्क लोकल समजतोय ते पीव्हीई-फायरवॉलच्या लोकलनेट कमांडने दिसतं. मध्ये राउटरवर अ‍ॅक्सेस लिस्ट असेल तर तिथेही ८००६ आणि २२ उघडा. कोरोसिंकच्या यूडीपी ५४०५ ते ५४१२ ला राउटरवर काहीच करायचं नाही, ती रहदारी आता त्या १ गिगाबिटच्या केबलबाहेर जातच नाही, आणि राखीव लिंकही एकाच सबनेटमधली आहे.