जानेवारीत लेक टाहो: आई-बाबा आणि मुलांसह बर्फातली सहल कशी आखावी?

फ्रीमॉन्टचा_सातारकर

नमस्कार. माझे आई-बाबा जानेवारीत साताऱ्याहून आमच्याकडे येत आहेत. त्यांना आणि आमच्या दोन्ही मुलांना (वये 6 आणि 10) बर्फ दाखवावा म्हणून मार्टिन ल्यूथर किंग दिनाच्या (जानेवारीतला तिसरा सोमवार) सुट्टीला जोडून लेक टाहो या कॅलिफोर्निया-नेवाडा सीमेवरच्या डोंगरातल्या तळ्याला जाण्याचा विचार आहे. आमची गाडी साधी कॅम्री आहे, म्हणजे इंजिनाची ताकद फक्त पुढच्या चाकांना मिळते. आईला रक्तदाब आहे आणि गुडघेही दुखतात. बाबा रेल्वेतून निवृत्त झाले असून चालायला खणखणीत आहेत. मुलांना स्की शिकायचे आहे, पण आम्हा चौघा मोठ्यांना त्यात रस नाही. मुक्काम साऊथ लेक टाहोला करावा की उत्तरेकडे, आणि या गाडीने जाणे योग्य ठरेल का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

सॅक्रामेंटोवासी

सर्वप्रथम एक आग्रहाची विनंती: शक्य असेल तर ती लांब सुट्टी टाळून मधल्या वारी जा. त्या शुक्रवारी संध्याकाळी सारा बे एरिया (सॅन फ्रान्सिस्कोभोवतालचा आपला परिसर) त्याच दोन रस्त्यांनी वर चढतो आणि सोमवारी त्याच रस्त्यांनी उतरतो. दक्षिणेकडे जाणारा महामार्ग 50 इको समिटवरून (7,382 फूट) जातो, उत्तरेकडे जाणारा महामार्ग आय-80 डॉनर समिटवरून (7,239 फूट), आणि वादळ आले की हे दोन्ही घाट बंद होऊ शकतात. डिसेंबर 2021 च्या अखेरीस असेच झाले होते, आणि मार्च 2024 च्या सुरुवातीला आय-80 बंद होता. म्हणून तारीख पक्की करतानाच मुक्काम रद्द करण्याची किंवा एक दिवस पुढे ढकलण्याची सवलत असलेले ठिकाण निवडा. वयस्कर माणसे आणि लहान मुले सोबत असताना ही सवलत मला खोलीच्या खिडकीतून तळे दिसण्यापेक्षा मोलाची वाटते.

कॅम्री चालेल, मात्र चाकांवर बांधायच्या साखळ्या, म्हणजे चेन्स, गाडीत असल्याच पाहिजेत. कॅल्ट्रान्सचे, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या रस्ते-खात्याचे, साखळ्यांच्या नियमाचे तीन टप्पे आहेत. आर-1 मध्ये इंजिनाची ताकद मिळणाऱ्या चाकांना ‘एम प्लस एस’ छाप असलेले बर्फाचे टायर असतील तर साखळ्या जवळ बाळगून पुढे जाता येते. आर-2 मध्ये चारही चाकांना ताकद मिळणारी आणि चारही टायर बर्फाचे असलेली गाडी सोडून इतर सर्वांना साखळ्या बांधाव्याच लागतात. आर-3 मध्ये कोणालाही सूट नाही, आणि सहसा ती वेळ येण्याआधीच रस्ता बंद केला जातो. तुमच्या गाडीला साखळ्या पुढच्या चाकांना बांधायच्या. त्या आपल्या टायरच्या मापाच्या आहेत ना, हे पाहून घराच्या अंगणातच बांधून पाहा. रस्त्याच्या कडेला ओल्या चिखलात गुडघे टेकून, बोटे बधिर झालेली असताना आकडा अडकवणे अवघड जाते, तेव्हा रबरी हातमोजे, जुनी सतरंजी आणि डोक्याला बांधायची बॅटरी डिकीत ठेवा. बांधल्यावर थोडे अंतर जाऊन थांबा आणि सैल झालेल्या साखळ्या पुन्हा आवळा. भाड्याची गाडी घेणार असाल तर आधी करार वाचा, कारण अनेक करारांत साखळ्या बांधण्यास मनाई असते.

निघण्यापूर्वी कॅल्ट्रान्सचा क्विकमॅप हा रस्त्यांची स्थिती दाखवणारा नकाशा आणि राष्ट्रीय हवामान सेवेच्या रीनो कार्यालयाचा अंदाज पाहावा. पेट्रोलची टाकी भरलेली असावी. पांघरुणे, पाणी, औषधे आणि पोटभर खाणे हाताशी असावे.

ट्रकीची_वाट

तुमच्या कुटुंबासाठी मी निःसंकोच उत्तर बाजू सुचवेन. साऊथ लेक टाहो हे मोठे, गजबजलेले गाव आहे; शेजारी नेवाडाच्या हद्दीत कॅसिनो आहेत, आणि हेवनली या स्की केंद्राची गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारी केबिन, गावातूनच वर जाते. तिचा निरीक्षण-मंच 9,123 फुटांवर आहे, म्हणून आईंना तिथे न्यायचे असल्यास आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारावे. उलट उत्तरेला आय-80 लगतच्या सोडा स्प्रिंग्स या स्की केंद्रात लहान मुलांसाठी वेगळी जागा आणि ट्यूबिंग (हवा भरलेल्या ट्यूबवर बसून घसरणे) आहे, बोरियल या दुसऱ्या केंद्रात नवशिक्यांना उतार सोपा जातो. पॅलिसेड्स टाहो या मोठ्या स्की केंद्राला, जिथे 1960 चे हिवाळी ऑलिम्पिक झाले, पहिल्याच दिवशी जाण्याची गरज नाही. मुलांचे शिकवणीचे वर्ग मात्र आधीच ऑनलाइन नोंदवा.

उत्तरेचे ट्रकी हे गाव बाबांना नक्की आवडेल. बे एरियातल्या एमरीव्हिलहून सकाळी सुटणारी अ‍ॅमट्रॅक या रेल्वे कंपनीची ‘कॅलिफोर्निया झेफिर’ गाडी दुपारी ट्रकीला पोहोचते, आणि 1860 च्या दशकात चिनी मजुरांनी ग्रॅनाइट फोडून डॉनरच्या घाटातून जो लोहमार्ग नेला, त्याच पर्वतातून ती चढते. ज्या काळात आपल्याकडे बोरघाटातून गाडी धावू लागली, त्याच काळातले हे काम आहे. आजी-आजोबा रेल्वेने आणि तुम्ही गाडीने, असाही बेत करता येईल.

डॉनर मेमोरियल स्टेट पार्कमधल्या स्मारकाचा चौथरा 22 फूट उंच आहे. 1846-47 च्या हिवाळ्यात इथे अडकलेल्या डॉनर तांड्याच्या प्रवाशांभोवती बर्फ एवढा चढला होता, असे तो दर्शवतो. टाहो सिटीला तळ्याचे पाणी ट्रकी नदीत सोडणारे छोटे धरण पाहावे. तळ्यातून बाहेर पडणारी ही एकमेव नदी. तळे मात्र 1,645 फूट खोल असल्यामुळे गोठत नाही, त्यामुळे पांढऱ्या काठांमधले गडद निळे पाणी आईंना किनाऱ्यावर बसूनही पाहता येईल.

रीनोची_ताई

उंचीबद्दल थोडे. तळ्याची पातळीच सुमारे 6,225 फूट आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही जास्त. पहिल्या दिवशी आईंना दगदग नको, पाणी भरपूर द्यावे, आणि डोकेदुखी किंवा धाप वाढली तर लगेच खाली उतरावे. ट्रकीला टाहो फॉरेस्ट हे रुग्णालय आहे. दोघांच्या प्रवास-विम्यात आधीपासूनच्या आजारांचे काय लिहिले आहे, हेही वाचावे. स्वयंपाकघर असलेले घर घेणार असाल तर प्रेशर कुकर न्या. तिथे पाणी 94 अंश सेल्सियसच्या आसपासच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ लवकर शिजत नाही. रात्री गाडीत खाण्याचा डबा मुळीच ठेवू नका, कारण अस्वले दार उघडतात.

फ्रीमॉन्टचा_सातारकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुट्टीनंतरच्या आठवड्यातले मधले वार आणि ट्रकी असे ठरवत आहोत. बाबा रेल्वेवर खूश आहेत. मुलांनी स्लेड, म्हणजे बर्फावर घसरायची घसरपाटी, घेतली आहे. ती कुठेही चालवता येईल का?

सॅक्रामेंटोवासी

रस्त्याच्या कडेचा उतार कृपया निवडू नका. मूल घसरत थेट गाड्यांसमोर येते. राज्याच्या स्नो-पार्कमध्ये, म्हणजे बर्फात खेळण्यासाठी गाडी लावायच्या ठरलेल्या जागी, जा. नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत तिथे गाडी लावण्यासाठी सशुल्क परवाना लागतो, तो आधी घेऊन ठेवा. खाली झाडे किंवा दगड नसलेली, हळूहळू सपाट होत जाणारी जागा पाहा आणि मुलांना हेल्मेट घाला. घरांच्या छपराखाली त्यांना खेळू देऊ नका, कारण वरून बर्फाचा थर एकदम कोसळतो. स्लेड फुटली तर प्लास्टिकचा प्रत्येक तुकडा उचलून परत न्या. बर्फ वितळला की तो तुकडा तळ्यात जातो.